स्वतःला दिलेला शब्द आणि गाडगेबाबांची भाकरी

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५ आणि ६. सोबत अध्याय ३, श्लोक १२ आणि १३.

सहाव्या अध्यायातले हे दोन श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहेत. भगवंत सांगतात की माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, स्वतःला खाली ढकलू नये, कारण आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. आज सकाळी वाचताना मी मित्र या शब्दापाशी थांबलो. मित्र कोणाला म्हणायचं? आपल्याशी गोड बोलणाऱ्याला म्हणतोच असं नाही. जो येतो म्हणाला आणि आला, त्याला आपण मित्र म्हणतो. एखादा दर शनिवारी येतो म्हणून सांगतो आणि दर शनिवारी काहीतरी कारण काढतो. पहिल्यांदा आपण समजून घेतो. पाचव्या वेळी त्याच्यासाठी चहा टाकत नाही. दहाव्या वेळी तो येतो म्हणाला तरी आपल्याला ते ऐकूच येत नाही.

आता हाच हिशेब स्वतःला लावून बघा. उद्यापासून पहाटे उठेन, रोज एक माळ जप करेन, रात्री अकरानंतर मोबाइल हातात घेणार नाही, एकादशी नीट करेन. बोलणारा मी, ऐकणाराही मीच. आणि जो सारखा बोलतो पण येत नाही, त्याच्यावरचा ऐकणाऱ्याचा विश्वास हळूहळू उडतो. मग नवा संकल्प केला की आतून कोणीतरी हसतं. मला वाटतं भगवंत ज्याला स्वतःचं शत्रुत्व म्हणतात, त्याची सुरुवात इतक्या साध्या ठिकाणी होते.

गंमत अशी की शब्द पाळायचा कसा, हे आपल्याला येत नाही असं मुळीच नाही. ऑफिसची डेडलाइन आपण पाळतो. घराचा हप्ता पाच तारखेला जातोच. मित्राच्या हळदीला रात्रीची गाडी पकडून पोचतो. कारण तिथे विचारणारा कोणीतरी आहे. स्वतःला दिलेल्या शब्दाला विचारणारा कोणी नसतो. खरा प्रश्न तिथे आहे : कोणी विचारणार नसताना माणूस शब्द कशाच्या बळावर पाळतो?

हा प्रश्न घेऊन बसलो की मला गाडगेबाबा आठवतात. आपल्या पिढीने त्यांना बहुतेक भिंतीवरच्या चित्रात पाहिलंय. डोक्यावर खापर, अंगात चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा, खाली स्वच्छतेचा संदेश. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे. पण चित्र इतकं ओळखीचं झालं की माणूस मागे राहिला. आज मला त्यांच्याकडे एकाच बाजूने पाहायचंय. हा माणूस एकावन्न वर्षं स्वतःला दिलेला शब्द पाळत राहिला, आणि तो शब्द त्याच्याकडून कोणीही मागितलेला नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगतो. बाबा शाळेत गेलेले नव्हते. त्यांनी डायरी लिहिली नाही, व्रत घेतल्याची घोषणा केली नाही. त्यांचे संकल्प कागदावर कुठेही सापडत नाहीत, ते फक्त वागण्यातून ओळखता येतात. त्यामुळे पुढे मी जिथे त्यांचा शब्द असं म्हणतो, तो त्यांच्या वागण्यातून मी वाचलेला आहे.

डेबूजी

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे, परीट समाजातल्या एका घरात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडिलांना दारूचं व्यसन लागलं, त्यात शेतीवाडी गेली आणि शेवटी ते स्वतःही गेले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर भागातल्या दापुऱ्याला.

तिथे मामाच्या घरी डेबू गुरं राखायचा. पुढे नांगर धरला. शेताचं काम तो मन लावून करायचा, गुरांवर त्याचा जीव होता, आणि रात्री गावातल्या भजनात तो रंगून जायचा. पण मामा सावकाराच्या कर्जात अडकले. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उमटला की पुढे काय होतं, हे वऱ्हाडातल्या त्या काळच्या शेकडो घरांनी भोगलंय. डेबूजीच्या घरानेही ते भोगलं. स्वतः कष्ट करून पिकवलेलं शेत हातातून जाताना त्याने पाहिलं.

म्हणजे बघा, ऐन विशीच्या आत या मुलाने दोन घरं बुडताना पाहिली. एक दारूने, एक कर्जाने. पुढे आयुष्यभर कीर्तनात त्यांनी लोकांना जे सांगितलं, दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला, ते त्यांनी कुठल्या ग्रंथातून उचललेलं नव्हतं. ते घरातून आलं होतं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचं लग्न झालं. पहिली मुलगी झाली, बारसं आलं. त्या वेळच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी पंगतीला मटण आणि दारू लागायची. न द्यायची म्हणजे भाऊबंदांचा रोष पत्करायचा. डेबूजींनी त्या दिवशी गोडाचं जेवण घातलं. दारू नाही, बकरं नाही. लोक नाराज झाले, बोलले.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. दारू वाईट आहे असं मनात म्हणणं सोपं असतं. दारूने बाप गेलेल्या मुलाने तर ते शंभरदा म्हटलं असेल. पण शब्दाची परीक्षा एकांतात होत नाही, पंगतीत होते. आपलंही तसंच आहे. श्रावण पाळायचा हे घरी बसून ठरतं, आणि मोडतं ऑफिसच्या पार्टीत. तिथे कोणी बळजबरीही करत नाही. फक्त सगळे जण एकदा आपल्याकडे बघतात, तेवढं पुरतं. डेबूजींकडे तर अख्खा समाज बघत होता.

कामाआधी भाकरी नाही

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजींनी घर सोडलं. वय एकोणतिसाच्या उंबरठ्यावर. मागे आई, पत्नी, लेकरं. अंगावर फाटकं वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात मिळेल ते खायचं, त्यातच पाणी प्यायचं. लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले, पुढे गाडगेमहाराज, गाडगेबाबा.

नंतरची जवळजवळ बारा वर्षं ते भटकत राहिले. या काळाबद्दल ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यात एक गोष्ट परत परत येते. ते कुठेही फुकट खात नसत. कोणाच्या दाराशी गेले तर आधी अंगण झाडायचे, लाकडं फोडून द्यायचे, मग शिळी-पाकी भाकरी मागायचे. वाटेत एखादा शेतकरी एकटा राबताना दिसला तर त्याच्या जोडीला उतरायचे आणि काम संपलं की काही न मागता चालू लागायचे. लोक त्यांना वेडा समजायचे, हाकलायचे, कधी मारायचेही.

आता विचार करा. साधूला भिक्षा मागायचा अधिकार आपल्या समाजाने पूर्वीपासून दिलेला आहे. त्यांनी नुसता हात पुढे केला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. आधी काम, मग भाकरी हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घातला होता. मोडला असता तर कोणाला कळलंही नसतं. दुसऱ्या गावात त्यांना ओळखणारं कोण होतं?

इथे आजच्या वाचनातला तिसरा अध्याय येतो. यज्ञाचं चक्र सांगताना भगवंत म्हणतात की जो मिळालेलं भोगतो आणि परत काही देत नाही, तो चोर. आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. आपण हे श्लोक वाचतो तेव्हा यज्ञ म्हणजे कुंड, समिधा, तूप असं चित्र डोळ्यापुढे येतं. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्या माणसाने हा श्लोक खराट्याने सोडवला. अंगण झाडलं की यज्ञ झाला, मग भाकरी प्रसाद झाली.

आणि हा संकल्प टिकला कसा, त्याचंही उत्तर मला इथेच दिसतं. आपण संकल्प करतो ते बहुतेक मोठे आणि दूरचे असतात. या वर्षी मी बदलणार, मी शांत होणार, मी साधना वाढवणार. यात आज दुपारी काय करायचं ते कुठेच नसतं. बाबांचा संकल्प भुकेला बांधलेला होता. भूक रोज लागते. म्हणून आठवण रोज होते. भूक लागली की खराटा उचलायचा, एवढंच. त्यासाठी मूड लागत नाही, प्रेरणा लागत नाही, व्हिडिओ बघावा लागत नाही.

ऋणमोचन

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नावाचा अर्थ उघड आहे, ऋणातून सुटका. नदीच्या चिखलात, घसरड्या उतारावर यात्रेकरूंचे, म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हायचे. बाबांनी तिथे सेवा सुरू केली आणि पुढे नदीवर घाट बांधला गेला. त्यांच्या मोठ्या कामांची ती सुरुवात.

मला कायम वाटतं, मामाचं शेत कर्जात गेलेलं पाहिलेल्या माणसाने आपलं पहिलं मोठं काम ऋणमोचनला करावं, हा योग साधा नाही. लोक ऋण फिटावं म्हणून नदीत बुडी मारत होते. बाबा काठावर घाटाची दगडमाती वाहत होते. ऋण दोघांनाही फेडायचं होतं.

मग कामं वाढत गेली. कीर्तनाला माणसं येऊ लागली, आधी शेकड्यांनी, मग हजारांनी. त्यांचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतला संवाद. ते प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच वागण्यात अडकायचे. देवापुढे बकरं कापणं, शिवाशीव, हुंडा, कर्ज काढून लग्नं, या सगळ्यावर ते बोलायचे. तुकोबांना ते गुरू मानत. आणि गावात पोचल्यावर पहिलं काम कीर्तनाचं नसे. आधी खराटा, गटारं, उकिरडे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री माणसांची मनं झाडायची.

लोक पैसे देऊ लागले. त्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई. पंढरपूरला ज्यांना कोणी ओसरीवर उभं करत नव्हतं, त्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा झाली. पुढे ती वास्तू बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. शाळा, वसतिगृहं, अन्नछत्रं, गोरक्षण, कुष्ठरोग्यांची सेवा. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली.

इथपर्यंत आलं की मला नेहमी असं वाटतं, शब्दाची दुसरी परीक्षा इथे सुरू होते. काहीच नसताना फुकट न खाणं कठीण असतंच. पण लाखो रुपये हातातून जात असताना त्यातलं काही न घेणं, हे त्याहून कठीण. आपल्यापैकी अनेकांनी हे ओळखीच्या माणसांत पाहिलं असेल. अडचणीच्या दिवसांत माणूस शिस्तीने जगतो, आणि थोडं बरं चाललं की मनात वाक्य येतं की आता आपला हक्क आहे. संकल्प बहुतेक वेळा संकटात मोडत नाही. यश आलं की मोडतो, आणि मोडताना आवाजही होत नाही.

बाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी झोपडीसुद्धा बांधली नाही. तेच फाटकं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. लोक पाया पडायला वाकले की ते चिडायचे, पळायचे. आपण कोणाचे गुरू नाही आणि कोणी आपला शिष्य नाही, हे ते सांगत राहिले. पंढरपूरला ते जन्मभर जात राहिले, पण ओढ गाभाऱ्याची नव्हती. वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा, चंद्रभागेचं वाळवंट, तिथे त्यांचा खराटा चालायचा. ज्या विठ्ठलाच्या दर्शनाला माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहतात, तो त्यांना त्या रांगेतच दिसत असावा.

खारेपाटण

१९२३ साल. कोकणात खारेपाटणला बाबांचं कीर्तन चालू होतं. त्या वेळी मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुरं केलं.

हा प्रसंग कीर्तनांतून, भाषणांतून अनेकदा सांगितला जातो आणि ऐकणारे धन्य धन्य म्हणतात. मला मात्र दर वेळी पोटात कालवतं. मुलगा गेला आणि बाप कीर्तन करत राहिला, यात धन्य वाटण्यासारखं काय आहे? हा कठोरपणा तर नाही? मला वाटतं आपण तरुणांनी हा प्रश्न दाबून टाकू नये. भक्ती म्हणजे प्रश्न न पडणं, असं गीतेत कुठे आहे? अर्जुनाने तर सतराव्या अध्यायापर्यंत प्रश्न विचारले, आणि अठरावा अध्यायही त्याच्याच जिज्ञासेने सुरू होतो.

मला जे सुचतं ते असं. समोर हजारो माणसं बसली होती. त्यांतल्या कितीतरी घरांत त्या काळी लेकरं जात होती, प्लेग, पटकी, देवी यांनी. बाबा त्यांना रोज सांगत होते की शोकात बुडून कर्ज काढून दिवसवार घालू नका, जिवंत लेकरांना शिकवा. आज ती वेळ त्यांच्या स्वतःवर आली. ते उठून गेले असते तर कोणीही दोष दिला नसता, मीही देत नाही. पण दुसऱ्यांना सांगितलेलं आणि स्वतःशी ठरवलेलं यात त्या माणसाने फट ठेवलेली नव्हती. दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. दुःख असतानाही हातातलं काम खाली ठेवलं नाही, एवढंच दिसतं.

आणि हे आपल्याला जमलं पाहिजे असंही मी म्हणणार नाही. घरात कोणी गेलं तर रडा, रजा घ्या, सगळं बाजूला ठेवा. बाबांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग उचलून तो स्वतःवर किंवा दुसऱ्यावर हंटरसारखा चालवणं, ही त्यांची भक्ती नव्हे.

घरच्यांचं काय?

आता तो प्रश्न, जो माझ्या ओळखीतल्या मुली सगळ्यात आधी विचारतात, आणि बरोबर विचारतात. एका माणसाने स्वतःला दिलेला शब्द पाळला, त्याची किंमत कोणी दिली? कुंताबाईंनी दिली. सखुबाईंनी दिली. नवरा दारुडा निघाल्यामुळे लेकराला घेऊन माहेरी आलेल्या आईने, म्हातारपणी त्याच लेकराला घर सोडून जाताना पाहिलं. घरच्यांची आणि त्यांची पुढे पुन्हा गाठ पडली, पण ते संसारात परतले नाहीत. आपण उभ्या केलेल्या संस्थांवर नातलगांचा हक्क चालू नये, याबाबतीतही ते कडक राहिले. लोकांसाठी धर्मशाळा, आणि घरच्यांसाठी कष्टाची भाकरी.

मी याचं समर्थन करायला बसलेलो नाही. कुंताबाईंना काय वाटलं असेल ते आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. पण एक गोष्ट लक्षात येते. बाबांनी घरच्यांना स्वतःपेक्षा कमी दिलं नाही आणि स्वतःला घरच्यांपेक्षा जास्त घेतलं नाही. आपल्या अवतीभवती उलटी उदाहरणं भरपूर आहेत, जिथे त्यागाची भाषा लोकांसाठी असते आणि पुढची पिढी गादीवर बसलेली असते.

आणि आपल्यासाठी धडा वेगळाच आहे. आपण संसारी माणसं. आपला संकल्प करताना एक प्रश्न विचारायचाच : हा मी पाळला तर याचं ओझं कोणावर पडेल? पहाटे चारला उठून जप करायचा असेल तर गजराने अख्खं घर जागं होतं का? माझ्या उपासाचं साबुदाण्याचं वेगळं रांधणं कोण करतंय? सप्ताहाला सात दिवस मी बसणार, तेव्हा आजारी सासूबाईंजवळ कोण बसणार? स्वतःला दिलेला शब्द दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून पाळला, तर तिसऱ्या अध्यायातल्या त्या चोराशी आपलं नातं जवळचं होतं.

संकल्प आणि हट्ट

शब्द पाळणं आणि हट्ट धरणं बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हीत माणूस मागे हटत नाही. फरक ओळखायला गीतेचाच अठरावा अध्याय उपयोगी पडतो. तिथे भगवंत धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार सांगतात. मन, प्राण आणि इंद्रियं यांना स्थिर धरते ती सात्त्विक. फळाच्या आशेने धरून बसते ती राजस. आणि झोप, भीती, शोक, खिन्नता, मद यांनाच जी सोडत नाही, ती तामस. म्हणजे आळशी माणसाकडे धृती नसते असं नाही. त्याचीही पकड घट्ट असते, फक्त ती पांघरुणावर असते.

राजस धृती तर आपल्या पिढीची खास ओळखीची. शंभर दिवसांचं आव्हान, रोजचा फोटो, अ‍ॅपवरचा आकडा. यात वाईट काही नाही, सुरुवातीला आधारही मिळतो. पण आकड्यासाठी केलेलं आकडा तुटला की संपतं. एक दिवस चुकला की सगळंच गेलं असं वाटून माणूस सोडून देतो. बाबांच्या आयुष्यात आकडा कुठेच नाही. किती अंगणं झाडली, किती भाकऱ्या कमावल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही. खराटा झिजला की दुसरा घ्यायचा.

आणि त्यांनी कधी आपल्या नियमाचं प्रदर्शन केलं नाही. आपला नियम ते दुसऱ्यांच्या चुका दाखवायला वापरत नसत. स्वतः शिळी भाकरी खायचे, पण यात्रेतल्या आंधळ्यापांगळ्यांना ताजं, गोडाचं जेवण घालायचे. मला वाटतं सात्त्विक धृतीची ही साधी खूण आहे. आपला नियम स्वतःसाठी कडक आणि दुसऱ्यासाठी मऊ असतो. हट्टात नेमकं उलटं होतं.

२० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीला नेत असताना वाटेत वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन तेव्हा जेमतेम चौदा दिवस झाले होते. ज्या जिल्ह्यात जन्म झाला त्याच जिल्ह्यात, कुठल्याही घरात नाही, वाटेवर. अमरावतीत आज जिथे त्यांची समाधी आहे तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

आजचा अभ्यास

आता आपल्याकडे येऊ. मी तुम्हाला गाडगेबाबा व्हा असं सांगणार नाही, तो सल्ला देणं सोपं आणि खोटं आहे. त्यांच्या आयुष्यातून मी माझ्यासाठी चार गोष्टी काढल्यात, त्या तुमच्यापुढे ठेवतो.

एक. संकल्प रोजच्या भुकेला बांधा. चहा, जेवण, आंघोळ, लोकल, झोप, यातलं काहीतरी निवडा आणि त्याच्या आधी एक छोटी गोष्ट ठेवा. पहिला घास घेण्याआधी एक मिनिट नामस्मरण. मोबाइल उघडण्याआधी गीतेचा एक श्लोक. भूक विसरत नाही, म्हणून संकल्पही विसरला जात नाही.

दोन. इतका लहान ठेवा की तापात अंथरुणावर असतानाही पाळता येईल. अंगण झाडणं ही लहान गोष्ट आहे. एकावन्न वर्षं झाडणं मोठी. मोठेपणा वर्षांवर सोडा, पहिल्या दिवसावर लादू नका.

तीन. सगळ्यांना सांगत सुटू नका. घरातल्या ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याला विचारा, बाकी कोणाला कळलं नाही तरी चालेल. विचारणारा कोणी नसताना पाळलेला शब्दच मनाशी मैत्री जोडतो.

चार. चुकलं तर शिक्षा करू नका, पुढच्या जेवणाला परत सुरू करा. सहाव्या अध्यायातच पुढे अर्जुन विचारतो की मन वाऱ्यासारखं, ते आवरायचं कसं. भगवंत त्याला रागावत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय देतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा. ज्यात पुन्हा हा शब्द आहे, त्यात मध्ये सुटणं धरलेलंच आहे.

आज रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं बसा आणि एकच छोटा शब्द निवडा. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत पाळता येईल एवढाच. परवाचं परवा बघू.

हे पांडुरंगा, आम्हाला मोठे संकल्प नकोत. दिलेला छोटा शब्द आठवणीत राहू दे, आणि तो पाळताना घरातल्या कोणाचं मन दुखू नये एवढी जाग दे. घेतलेल्या प्रत्येक घासाआधी हातून काहीतरी घडू दे.

उद्याचं वाचन : अध्याय ६, श्लोक ३३ ते ३६. डब्यात, गाडीत, जिथे जमेल तिथे एकदा वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी!